हंसाचें आंथरूण

मनुष्याच्या शय्येविषयीं आपल्या वाङ्मयांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पर्णशय्या, पुष्पशय्या, शरशय्या, इतकेंच नव्हे तर शेषशय्याही कवींच्या परिचयाची आहे. परंतु अश्वशय्या हा शब्द कोणा कवीच्या लेखणींतून उतरल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. घोड्याचा वेग, त्याची आयाळ, रणांगणांतील त्याचें शौर्य यांचीं वर्णनें हवीं तितकीं सांपडतात. रात्रीं तो कशावर निजतो आणि सकाळीं तें कोण उपसतो, हा प्रश्न मात्र काव्याच्या कक्षेबाहेरचा ठरला आहे. आमच्या घरीं हा प्रश्न गेलीं चार वर्षें रोज सूर्योदयाबरोबर उपस्थित होत असल्यामुळें त्यावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस प्राप्त झाला आहे, असें आम्ही समजतों.

आमच्या घोड्याचें नांव हंस. हें नांव आम्हीं ठेविलेलें नाहीं. ज्यांच्याकडून तो आला त्यांनीं त्याच्या पांढऱ्या रंगावरून तें ठेविलें असावें. हंस पक्ष्याच्या अंगीं नीर व क्षीर वेगळें करण्याचा गुण असतो, अशी कविसंप्रदायाची ग्वाही आहे. आमच्या हंसाच्या अंगीं नेमका याच्या उलट गुण आहे. १२ फूट लांब व १२ फूट रुंद अशा त्याच्या कोठडींत संध्याकाळीं स्वच्छ, कोरडें, चांगलें वीतभर जाडीचें आंथरूण घालावें, आणि सकाळीं दार उघडून पाहावें तों लीद, मूत, उष्टें गवत व भुसा यांचा असा एकजीव काला झालेला असतो कीं, त्यांतून कोरडें तें कोरडें व ओलें तें ओलें निवडून काढण्यास खरोखरीचा हंसच पाहिजे. तें काम आमच्याकडील मोतद्दार मामा दांताळ्यानें करतात.

घोड्यांच्या दोन जाती मानाव्या. एक व्यवस्थित व दुसरी अव्यवस्थित. पहिल्या जातीचा घोडा कोठडीचा एक कोपरा ठरवून घेतो, तेथें आपलें कार्य उरकतो व उरलेल्या जागेंत सभ्य गृहस्थाप्रमाणें राहतो. अशा घोड्याच्या मालकास आंथरुणाची विवंचना नसते, आणि बहुधा म्हणूनच तो दुसऱ्यांस उपदेश करावयास मोकळा असतो. दुसऱ्या जातीचा घोडा रात्रभर चालतो. ४५० किलो वजनाचा घोडा दिवसाकाठीं सुमारें २० ते २५ किलो मलमूत्र बाहेर टाकतो. वर्षाचा हिशेब सात-नऊ टनांच्या घरांत जातो. तें सर्व चार खुरांखालीं तुडविलें जाऊन भुशांत मिसळलें म्हणजे काय होत असेल याची कल्पना वाचकांनीं करावी. आम्ही वर्णन करीत नाहीं. त्यांत आणखी एक खोड अशी कीं, कठीण फरशीवर मूत अंगावर उडतें म्हणून घोडा तेथें मुतण्यास नाखूष असतो. पायाखालीं मऊ आंथरूण आलें म्हणजे त्याला आठवण होते. मामांनीं नवा भुसा पसरून पाठ वळविली कीं हंस पाय फांकून उभा राहतो. यांत उद्धटपणा नसून कृतज्ञता आहे, अशी मामांची समजूत आहे.

हा प्रकार केवळ किळसवाणा असता तर त्यावर शाई खर्चण्याचें प्रयोजन नव्हतें. घोड्याच्या मूत्रांतील युरियावर सूक्ष्म जंतूंची क्रिया होऊन अमोनिया वायु उत्पन्न होतो. त्याचा उगम जमिनीलगत असल्यामुळें उभ्या माणसाच्या नाकाला तो जेव्हां जेमतेम जाणवतो, तेव्हां निजलेल्या घोड्याच्या नाकाशीं तो पुष्कळ असतो. म्हणून तबेला स्वच्छ आहे कीं नाहीं हें दारांत उभें राहून ठरवूं नये. आंत जाऊन उकिडवें बसावें व दहा श्वास घ्यावे. पाहुण्यांना आमची ही परीक्षा चमत्कारिक वाटते, पण तिच्याहून खरी परीक्षा आम्हांस ठाऊक नाहीं. कित्येक लोक वास मारण्यासाठीं ओल्या जागीं चुना टाकतात. चुन्यानें उलट ओलींत अडकून राहिलेला अमोनिया अधिकच जोरानें सुटतो. धुऊन वाळलेल्या फरशीवर जंतुनाशासाठीं चुना ठीक, ओल्या भुशावर नव्हे. दुसरा धोका खुरांचा. घाणींत रात्रंदिवस उभ्या राहिलेल्या घोड्याच्या तळव्यांतील मऊ त्रिकोणी भाग कुजूं लागतो, त्यांतून काळा, दुर्गंधी स्राव येतो, आणि उपेक्षा झाल्यास घोडा लंगडतो. तिसरा धोका छातीचा, व तो ओलीइतकाच धुळीनेंही येतो. बुरसटलेल्या गवतांतील व पेंढ्यांतील बुरशीचे सूक्ष्म कण श्वासाबरोबर आंत जाऊन घोड्यास जो जुनाट खोकला जडतो, त्यास हल्लींचे पशुवैद्य सरळ घोड्याचा दमाच म्हणतात.

तेव्हां आंथरूण शोषक हवें, मऊ हवें, धुळीचें नको, खाण्यासारखें नको, आणि आमच्या ऐपतींतलें हवें. हे पांचही गुण एकत्र असलेला पदार्थ ब्रह्मदेवानें अद्याप निर्माण केलेला नाहीं. भाताचा पेंढा उबदार, आणि घोड्यालाही त्यावर अंग टाकणें आवडतें. परंतु हंस मध्यरात्रीपर्यंत आपलें अर्धें आंथरूण खाऊन टाकी, आणि असला राठ चारा अति झाला म्हणजे आंतड्यांत अडकून पोटशूळ उठण्याचें भय. शिवाय पेंढा सांठविणें म्हणजे आग उशाशीं घेऊन निजणें होय. शिवाजी महाराजांनीं १६७०च्या दशकांत चिपळुणाकडील लष्कराच्या अंमलदारांस लिहिलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. रात्रीं दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवतास आग लागेल आणि मग घोडीं वांचणार नाहींत, अशी त्यांत ताकीद आहे. राज्य चालविणाऱ्या पुरुषाचें लक्ष उंदराच्या तोंडांतील वातीपर्यंत पोंचावें, ही गोष्ट आम्हांस एखाद्या गडाच्या विजयाइतकीच थोर वाटते.

भाताचें तूस गिरणीवर स्वस्त मिळतें. पण त्याच्या अंगांत सिलिका फार, म्हणून तें पाणी धरीत नाहीं, व वाऱ्याबरोबर डोळ्यांत जातें. उसाचें चिपाड चांगलें शोषतें; परंतु साखर कारखाने आतां तें जाळून वीज करतात, आणि ओलसर राहिलें तर तें आंबतें. वाळूवर चारा सांडला म्हणजे घोडा चाऱ्याबरोबर वाळूही पोटांत घालतो, व ती तेथें सांचते. राहतां राहिलें लाकूड. करवतीचा बारीक भुसा धुळीसारखा उडतो, म्हणून रंद्याखालून निघणारीं सालपटें बरीं. मात्र कोणत्या झाडाचीं हें विचारून घ्यावें. अमेरिकेंतील काळ्या अक्रोडाचीं सालपटें आंथरुणांत पांचवा हिस्सा जरी मिसळलीं गेलीं तरी एका दिवसाच्या आंत घोड्याच्या खुरांत दाह उत्पन्न होतो. आपल्याकडे परदेशी लाकूड येऊं लागल्यापासून मामा वखारीवर गेले कीं साग, देवदार असें एकेक नांव वदवून घेतल्याशिवाय पोतें उचलीत नाहींत. वखारवाला वैतागतो. त्याला वैतागूं द्यावें.

प्राचीनांनीं हा विषय आपल्याहून अधिक मनावर घेतला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें जें प्रकरण आहे, त्यांत प्रत्येक घोड्याचें ठाण चौरस असावें, तळाशीं गुळगुळीत फळ्या असाव्या, खाण्यासाठीं कोठा असावा, लीद व मूत निघून जाण्याची सोय असावी, आणि शाळेंत घोड्यास लोळण्याफिरण्यापुरती जागा असावी, असें सांगितलें आहे. ग्रीसमध्यें इसवी सनापूर्वी चौथ्या शतकांत झेनोफनानें अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. त्याचें मत असें कीं, ओल्या व गुळगुळीत जमिनीनें चांगले खूरही बिघडतात. म्हणून जमीन उतरती असावी व तींत खुराएवढे दगड एकमेकांस लागून बसवावे. त्याशिवाय लीद व घाण रोज उचलून एका ठराविक जागीं नेऊन टाकावी, असेंही तो सांगतो. एकानें फळ्या सांगितल्या, दुसऱ्यानें दगड. मतभेद आहे, पण ओल निघून गेली पाहिजे याविषयीं दोघांचें एकमत आहे. हें वाचून आम्हीं मामांना दोन्ही मतें सांगितलीं. मामा म्हणाले, “दादा, त्या दोघांच्या तबेल्यांत उपसणारा कोण होता तें लिहिलंय का?”

मामांचा हा प्रश्न थट्टेचा नव्हता, हें पुढच्या पावसाळ्यांत कळून आलें. मामांचें वय साठीच्या पुढें गेलेलें. ओलें आंथरूण कोरड्याच्या तिप्पट जड. आषाढाच्या झडींत रोज सकाळीं पांच-सहा घमेलीं उपसून त्यांची पाठ धरली. त्याच सुमारास हंस खोकूं लागला. ज्या कन्येच्या हौसेसाठीं घोडा आला ती शिक्षणासाठीं परगांवीं गेलेली. तेव्हां घरांत असा विचार निघणें साहजिक होतें कीं, ज्याच्यावर कोणी बसत नाहीं त्याच्या आंथरुणासाठीं एका वृद्ध माणसाची पाठ किती दिवस मोडावी? घोडे बाळगण्याची परंपरा असलेल्या घराण्यांतील एका स्नेह्यांनीं उपाय सुचविला. रात्रीं अगाडी-पिछाडी आंखूड बांधून ठेवा. घोडा फिरणार नाहीं, लीद एका जागीं पडेल, आंथरूण निम्में लागेल व काम पावपट होईल. सल्ला दुष्टपणाचा नव्हता. मामांच्या पाठीकडे पाहिलें तर तो दयेचाच होता, आणि म्हणूनच तो टाळणें कठीण गेलें.

घोडा उभ्यानें झोपतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. पायांतील स्नायुबंध व सांधे यांची रचना अशी आहे कीं, तो फारसे श्रम न करतां उभा राहून डुलकी घेऊं शकतो. परंतु पापण्यांखालीं बुबुळें भरभर हलतात ती गाढ निद्रा त्याला आडवें झाल्यावांचून येत नाहीं. ती दिवसाला अर्ध्या-पाऊण तासाचीच पुरते. पण तेवढीही कित्येक दिवस मिळाली नाहीं तर घोडा उभ्या उभ्या पेंगून पुढच्या पायांवर कोसळतो, आणि त्याच्या गुडघ्यांवर व खुरांवरील सांध्यांवर जखमांचे वण दिसूं लागतात. आंखूड दोरांत जखडलेल्या घोड्यास अंग पसरतां येत नाहीं. पातळ, ओल्या आंथरुणावरही तो निजण्यास कचरतो. म्हणजे आमचा तबेला नीटनेटका झाला असता तो हंसाच्या झोपेच्या मोलानें. हें सर्व आम्हीं मामांस सांगितलें आणि निर्णय त्यांच्यावर सोंपविला, कारण पाठ त्यांची होती. मामा थोडा वेळ तंबाखू मळीत बसले. मग म्हणाले, “बांधला तर माझी पाठ वांचंल, त्याची झोप जाईल. झोप नसली म्हणजे काय होतं तें म्हाताऱ्याला विचारा. पण दादा, मग घमेलं तुम्हीही उचला.”

तेव्हांपासून रात्रीं नऊची फेरी आमची आहे. पडलेली लीद तुडविली जाण्यापूर्वींच दोन वेळां अधिक उचलली तर सकाळचें काम निम्म्यावर येतें, हें अनुभवानें कळलें. पशुवैद्यांच्या सांगण्यावरून पेंढा अजिबात बंद झाला व वैरण भिजवून, बारीक जाळींत भरून, चार वेळां विभागून देण्यास सुरुवात झाली. तोंड गुंतलें कीं पाय स्थिरावतात. आंथरूण मात्र आम्हीं कमी न करतां वाढविलें. हें ऐकून आमचे स्नेही हंसले. पण पसारा करणाऱ्या घोड्याला पातळ आंथरूण म्हणजे दीड तासांत चिखल. जाड थरांत लीद वरच राहते, ओल एका ठिकाणीं खालीं जिरते, व ती जागा उकरून काढतां येते. भिंतीलगत भुशाचा उंच बांध घातला आहे. त्यामुळें लोळतांना घोडा भिंतीशीं पाय अडकून उताणा राहत नाहीं, आणि लागेल तसा कोरडा भुसा तेथूनच ओढतां येतो.

पण खरा फरक पडला तो कोठडीच्या मागील दारानें. पाऊस उघडला कीं तें उघडें राहतें व हंस मागच्या पडीक तुकड्यावर जातो. तेथें आम्हीं एक आश्चर्य पाहिलें. ज्या प्राण्याला आम्ही अव्यवस्थितपणाचा पुतळा समजत होतों, त्यानें पंधरा दिवसांत त्या तुकड्याची वांटणी करून टाकली. एका कडेला लीद, तेथील गवत तो तोंडांत धरीत नाहीं. दुसऱ्या कडेला चरण्याची जागा, ती नेहमीं स्वच्छ. नंतर वाचनांत आलें कीं, मोकळ्या कुरणांत घोडे असेंच करतात. म्हणजे नीरक्षीरविवेक त्याच्यापाशीं होता. तो चालविण्यास १२ फूट जागा अपुरी पडत होती.

खोकला भाद्रपदापर्यंत गेला. पसारा गेलेला नाहीं. मुसळधार पावसाच्या रात्रीं मागील दार लावावें लागतें आणि सकाळीं पुन्हां तोच काला समोर येतो. उपसलेला ढीग शेजारचे एक माळी नेतात, परंतु लाकडाच्या सालपटांत कर्ब फार व नत्र थोडें असल्यामुळें तें खत वर्षभर कुजविल्याशिवाय ते वाफ्यांत घालीत नाहींत. गेल्या महिन्यांत त्यांनीं मामांना विचारलें कीं, पुन्हां पेंढाच कां वापरीत नाहीं, खत लवकर तयार होतें. मामांनीं त्यांना कोठडींत नेलें, उकिडवें बसविलें आणि दहा श्वास मोजावयास लावले. त्या वेळीं हंस बांधाशीं चारी पाय पसरून निजला होता व घोरत होता. माळीबुवा उठले, आवाज न करतां बाहेर आले आणि रिकामी गाडी घेऊन दुपारीं येतों म्हणून गेले.