म्हणणे आणि मोजणे

नोकरीची सारी वर्षे बँकेत आकड्यांच्या सहवासात गेली. त्यामुळे साडेचार वर्षांच्या नातीला गणित शिकवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्यात काही अवघड असेल असे मला वाटले नाही. दोन-तीन महिन्यांत ती एक ते शंभर न अडखळता म्हणू लागली. पाहुण्यांसमोर मी तिला ते म्हणायला लावत असे, हेही कबूल करतो.

एके दिवशी पाने घेताना तिला सात वाट्या आणायला सांगितल्या. तिने वाट्यांवरून बोट फिरवले, ‘सात’ म्हटले आणि पाचच आणल्या. तोंडातले शब्द पुढे धावत होते, बोट मागे राहत होते. मी आवाज चढवला. ती रडू लागली. तेव्हा माझी कन्या हळूच म्हणाली, “बाबा, मलाही तुम्ही असंच शिकवलंत. मला अजून हिशोबाची भीती वाटते.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी मुलीला अंक म्हणायला शिकवले होते, मोजायला नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून पाठांतर थांबवले. प्रत्येक ताटाशी एक वाटी, प्रत्येक वाटीत एक चमचा, एवढेच काम नातीला दिले. मग चिंचोके घेतले. सहा-सहाच्या दोन ओळी समोरासमोर मांडल्या आणि एक ओळ लांबवली. “ही जास्त,” ती म्हणाली. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी लहान मुलांबाबत नेमके हेच नोंदवले आहे. मी चूक दाखवली नाही. समोरासमोरच्या चिंचोक्यांच्या जोड्या तिलाच लावू दिल्या. काही महिन्यांनी तीच हसून म्हणाली, “आजोबा, तेवढेच आहेत. तुम्ही फक्त लांब लांब ठेवलेत!”

पुढची अडचण आपल्या संख्यानामांची. ‘एकवीस’ म्हणताना एक आधी येतो, लिहिताना मात्र दोन. अठ्ठावीसनंतर ती ‘नऊवीस’ म्हणे. 2019 साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा मीही त्यावर टीका केली होती. लेकरांची अडचण मात्र तेव्हा ध्यानात आली नव्हती. आता दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधले. दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी म्हणजे एकवीस. तीन गठ्ठ्यांना एक काडी कमी, म्हणून एकोणतीस. शब्दाचा अर्थ तिच्या हातात आला आणि जुने नावही गोड वाटू लागले.

परवा सात पाने मांडली असता अचानक एक पाहुणे आले. नात न सांगता उठली, “आता आठ,” म्हणाली आणि एकच वाटी घेऊन आली. कन्येने माझ्याकडे पाहिले. तिची क्षमा मी त्याच क्षणी, सर्वांसमोर मागितली. उशीर झाला होता, पण बाकी ठेवायची नव्हती.