सहा हजार आरपीएमच्या मुंग्या

शनिवारी सकाळी सहाला घरातून निघायचं, मांजरी फार्मपाशी सोलापूर रोडला लागायचं, चौफुल्याला गुळाचा चहा मारायचा आणि नऊच्या आत भिगवण. उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघायचे, मासे हाणायचे आणि दुपारी झोपायला परत घरी. आठवडाभर मीटिंगमध्ये "कालचंच काम आज पुढे चालू" असं सांगणाऱ्या माणसाला एवढं सुख पुरतं. गेल्या हिवाळ्यात हे सुख बंद पडायची वेळ आली होती, त्याची ही गोष्ट.

गाडी सेकंडहँड. सिंगल सिलिंडर, दोनशे सीसीच्या आसपासची, फेअरिंगवाली. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काडीचाही दोष नाही. सगळे उद्योग माझे!

तर उद्योग असे. गाडी आणली त्या महिन्यातच मूळ हँडल काढून बाहेरचे हलके अ‍ॅल्युमिनियमचे क्लिप-ऑन बसवले. रेसिंगवाल्यांसारखं वाकून बसता आलं पाहिजे ना! मग हँडलच्या टोकाची ती लोखंडी वजनं काढली आणि तिथे गोल आरसे लावले. आणि पिकअप वाढावा म्हणून पुढचं १४ दात्यांचं स्प्रॉकेट काढून १३ चं टाकलं. मिस्त्री म्हणाले होते, "साहेब, कंपनीनं काहीतरी विचार करूनच दिलेलं असतं." इंजिनियरिंगची डिग्री असलेल्या माणसाला असलं काही सांगून उपयोग नसतो.

गंमत म्हणजे आठवडाभर काहीच कळलं नाही. मांजरी ते खराडी ऑफिस, मध्ये मुंढव्याचा पूल आणि तिथली गर्दी. या रस्त्यावर गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जातच नाही. म्हणजे टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं आणि प्रॉडक्शनला गेल्यावर बोंब, तसलाच प्रकार. हायवेला ८० चा स्पीड धरला की अर्ध्या तासात करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या. उरुळी कांचनपर्यंत ठीक, यवतला मुंग्या, चौफुल्याला चहाचा ग्लास हातात धरला तरी गरम लागेना. मी आपला हात झटकायचो आणि पुढे निघायचो.

एकदा बाबांना अंगणात गाडी चालू करून हँडल धरायला लावलं. रेस केली, सहा हजारावर नेली. म्हटलं, "बघा ना किती थरथरतंय." बाबांनी दोन्ही मुठी धरल्या, जरा वेळ थांबले आणि म्हणाले, "काही नाहीये रे. चांगली तर आहे गाडी. उगाच खर्च काढू नकोस." मला रागच आला. मनात म्हटलं, यांना गाडीतलं काय कळतंय. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डिसेंबरातल्या एका शनिवारी परत येताना पाटसच्या अलीकडे पुढे उसाची डबल ट्रॉली. कारखाने चालू होते, रस्ताभर ट्रॉल्याच ट्रॉल्या. ट्रॅक्टरवाल्यानं एकदम वेग कमी केला. मी ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असं मला वाटलं! बोटं लिव्हरवर होती, पण आपण किती जोरात दाबतोय हेच कळेना. मागचा ब्रेक, डावीकडची कच्ची साइडपट्टी आणि नशीब, या तिघांनी मिळून वाचवलं. उसाची टोकं हेल्मेटपासून हातभर लांब. रस्त्याच्या कडेला गाडी लावून पंधरा मिनिटं नुसता बसून राहिलो. घरी काही सांगितलं नाही.

त्या दिवशी ठरवलं, आता याचा रीतसर छडा लावायचा.

पहिलं काम मोजमाप. फोन हँडलला घट्ट बांधला, अ‍ॅक्सिलरोमीटरचं अ‍ॅप चालू केलं आणि सोलापूर रोडला एक चक्कर मारली. आलेखात मोठा सुळका आला ८ हर्ट्झला. ८? हाताला तर बारीक झिणझिण लागतेय, सेकंदाला आठ हेलकावे कसे असतील? डोकं खाजवल्यावर तिसऱ्या वर्षाचं सिग्नल प्रोसेसिंग आठवलं. अ‍ॅप सेकंदाला १०० नोंदी घेत होतं. त्यातून ५० हर्ट्झच्या वरचं काही खरं दिसतच नाही. १०८ हर्ट्झची थरथर तिथे ८ हर्ट्झचं सोंग घेऊन येते. टीव्हीवर बैलगाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात ना, तेच. (फोन असा इंजिनाच्या थरथरीत बांधू नका. मोटरसायकलच्या व्हायब्रेशननं कॅमेरा बिघडू शकतो असं अ‍ॅपलनं २०२१ साली जाहीर सांगितलंय. माझा जुना फोन होता, सुटला बिचारा.)

आता १०८ कुठून आले? १४ दात्यांवर ८० च्या स्पीडला इंजिन ६००० आरपीएमला फिरायचं. सेकंदाला १०० फेऱ्या. १३ दाते लावल्यावर त्याच स्पीडला आरपीएम चौदा तेरांश पटीनं वाढून ६४६० च्या आसपास. सेकंदाला जवळजवळ १०८ फेऱ्या. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन एकटाच वरखाली नाचत असतो, त्याला तोलायला शेजारी दुसरा पिस्टन नसतो. क्रँकवरची वजनं आणि बॅलन्सर शाफ्ट बराचसा भार सांभाळतात, पण थोडं उरतंच. हे उरलेलं बळ वेगाच्या वर्गानं वाढतं. वेग पावणेआठ टक्के वाढला तर बळ सोळा टक्के. म्हणजे एका दात्याच्या हौसेची ही किंमत.

आणि हँडलची पण स्वतःची एक कंपनसंख्या असते. एका टोकाला आवळलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी नळी. बाकावर पट्टी धरून तिचं टोक टिचकीनं उडवायचो, तशी. पट्टीच्या टोकाला खोडरबर चिकटवलं की ती सावकाश हलते. कंपनीनं दिलेली ती टोकाची लोखंडी वजनं म्हणजे हे खोडरबर! हँडलची कंपनसंख्या खाली खेचायची आणि नेहमीच्या स्पीडला सूर जुळू द्यायचा नाही, एवढ्यासाठी ती असतात. मी ती शोभेची समजून काढून टाकली होती.

मग एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलानंतर यवतपर्यंत चक्कर, वहीत नोंद. आधी फुकटची कामं. टायरची हवा, चेनचा ताण, कोनसेट. आणि इंजिन ज्या बोल्टांवर फ्रेमला धरलेलं असतं ते टॉर्क पान्यानं तपासले, तर खालचा एक चक्क सैल! तो आवळल्यावर सगळ्यात जास्त फरक पडला, तोही शून्य रुपयात. मग १४ चं स्प्रॉकेट परत. मग टोकाची वजनं परत. मध्ये जाड जेलच्या ग्रिप लावून पाहिल्या. मूठ जाड झाल्यामुळे मी ती जास्तच आवळून धरू लागलो, आणि जितकं घट्ट धराल तितकी थरथर हातात जास्त उतरते. काढल्या.

शेवटी क्लिप-ऑन. दोन आठवडे मन होईना. पण करंगळीचं खरं दुखणं तिथेच होतं. वाकून बसल्यावर अंगाचा भार तळहातावर येतो, करंगळीच्या बाजूनं जाणारी नस दबते, आणि त्या दबलेल्या नसेवर वरून थरथर. सायकलवाल्यांनाही हे होतं. मूळ हँडल परत लावलं, टाकी गुडघ्यांनी धरायची सवय केली. मिस्त्री काही बोलले नाहीत, नुसते हसले. वर म्हणाले, "साहेब, आता गाडी कंपनीतून आली तशी झाली." थोडक्यात, एवढा खटाटोप करून मी शून्यावर पोचलो होतो. :)

(कायद्याचंही एक. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जे बदल झाले त्यात, परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे मला सगळं उलगडून झाल्यावर कळलं.)

इथे लेख संपायला हवा होता. पण या सगळ्या काळात रात्री बसून हातावरच्या कंपनांबद्दल जे मिळेल ते वाचत होतो. त्यात अ‍ॅलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टर बाई भेटल्या. १९१८ साली इंडियाना राज्यात बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींवर जाऊन त्यांनी हवेच्या हातोड्यानं दगड फोडणाऱ्या कामगारांचे हात तपासले. थंडीच्या सकाळी बोटं पांढरीफटक पडतात, जाणीव जाते, बारीक कामं जमत नाहीत. युरोपात २००२ साली यावर नियम झाला. आठ तासांच्या हिशेबानं हाताला २.५ च्या वर कंपन गेलं की मालकानं उपाय करायचे, आणि ५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. एकक मीटर प्रति सेकंद वर्ग.

थंडीच्या सकाळी बोटं पांढरी पडतात. शर्टाची बटणं लावता येत नाहीत.

आमच्या घरी थंडीत बाबांच्या शर्टाची बटणं आई लावते. मी लहानपणापासून बघतोय. त्यांची दोन बोटं खडूसारखी पांढरी होतात, चुलीशी धरली की परत लाल. "बाबांना थंडी बाधते" एवढंच आम्हाला माहीत. बाबांनी हडपसरच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं कास्टिंगच्या कडा हातातल्या ग्राइंडरनं घासल्या. त्याला फेटलिंग म्हणतात. माझी इंजिनियरिंगची फी त्यातून गेली. त्या ग्राइंडरला बॅलन्सर शाफ्ट नव्हता आणि शनिवार-रविवारपुरता तो हातात नव्हता.

आणि मग ते अंगणातलं वाक्य आठवलं. काही नाहीये रे, चांगली तर आहे गाडी.

बाबांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काम काय करायचात?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. रक्ताभिसरणाचं थोडं सुधारेल, हात उबदार ठेवा, तंबाखू पूर्ण बंद, असं म्हणाले. बोटांची जाणीव जी गेली ती बहुतेक परत येणार नाही. बाबा बाहेर येऊन म्हणाले, "तंबाखूचं आईला सांगू नकोस, मी बघतो." महिनाभर तरी बघतायत.

परवा त्यांना गाडीवर मागे बसवून यवतपर्यंत नेऊन आणलं. येताना मांजरीच्या रेल्वे पुलावर म्हणाले, "थांब जरा." उतरले, हँडल धरलं, मला रेस करायला सांगितली. बराच वेळ धरून उभे होते.

"आता कमी झालंय का?" त्यांनी मला विचारलं.

"हो, बरंच."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि मागे बसले.