पोटांतील बाळ आणि पुन्हां पुन्हां दिलेलें औषध

औषधाची मात्रा वाढविली म्हणजे गुणहि त्या मानानें वाढतो, ही समजूत सुशिक्षित कुटुंबांतूनहि फार खोल रुजलेली आहे. पनवेलास आमच्या एका आप्तांच्या घरीं सूनबाईंस सातव्या महिन्यांतच कळा येऊं लागल्या. बाळाचीं फुप्फुसें लवकर पक्व व्हावींत म्हणून डॉक्टरांनीं डेक्सामेथासोनचीं चार इंजेक्शनें बारा-बारा तासांच्या अंतरानें दिलीं, आणि पुढें कळाहि थांबल्या. तेव्हां काकूंनीं विचारलें, "एवढें गुणकारी आहे, तर दर पंधरवड्यास देऊन टाकावयास काय हरकत आहे?" प्रश्न मायेचा होता, त्याचें उत्तर नीट दिलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

ह्या औषधाचा गुण मुळांत मेंढ्यांमुळें कळला. न्यूझीलंडांतील ऑकलंड येथें लिगिन्स ह्यांस १९६९ सालीं दिसून आलें कीं, स्टेरॉइड दिलेलीं, दिवस पुरे होण्याच्या फार आधीं जन्मलेलीं कोंकरें अपेक्षेबाहेर श्वास घेत आहेत. १९७२ सालीं त्यांनीं व हॉवी ह्यांनीं स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला, आणि पुढें अगणित बालकें त्यामुळें वांचलीं.

परंतु दुसरी बाजूहि मेंढ्यांनींच दाखविली. पश्चिम ऑस्ट्रेलियांत गाभण मेंढ्यांस आठवड्या-आठवड्यानें औषध देऊन पाहिलें, तों फुप्फुसें सुधारत गेलीं, पण कोंकरांचें वजन घटत गेलें आणि मेंदूची वाढहि मागें पडली. त्यापूर्वीं, १९९० सालीं, ऱ्हीसस माकडांच्या गर्भांत मेंदूच्या स्मरणाशीं संबद्ध भागांतील पेशी कमी झालेल्या आढळल्या होत्या. आणि एकाच मोठ्या मात्रेपेक्षां लहान लहान मात्रा वारंवार दिल्यानें अपाय अधिक झाला होता!

कारण असें कीं, हें द्रव्य गर्भाच्या पेशींस 'वाढणें पुरे, आतां पक्व व्हा' असें सांगतें. आईच्या रक्तांतील नैसर्गिक कॉर्टिसोल वार बव्हंशीं निष्प्रभ करते. डेक्सामेथासोन मात्र तिच्यांतून सहज पार जातें. अढींत घातलेली कैरी पिकते, पण मोठी होत नाहीं, तसेंच हें.

माणसांतहि तेंच दिसलें. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या, १८५८ स्त्रियांवरील प्रयोगांत दर चौदा दिवसांनीं औषध दिलें असतां बालकांचें आजारपण कमी झालें नाहीं. उलट वजन सरासरी २३३० ग्रॅमऐवजीं २२१६ ग्रॅम भरलें, आणि डोक्याचा घेरहि कमी भरला.

एकदांच द्यावयाचें औषधहि सरसकट देणें बरें नव्हे. बेळगांव व नागपूर भागांतील खेडीं ज्यांत होतीं, त्या सहा देशांतील प्रयोगाचा निष्कर्ष २०१५ सालीं आला. औषधाचा प्रसार वाढला, पण अगदीं लहान बालकांचे मृत्यु घटले नाहींत. एकंदर नवजात मृत्यु तर हजारीं सुमारें साडेतीननें वाढले. पुढें २०२० सालीं मात्र, बेळगांवासह ठिकठिकाणच्या रुग्णालयांत दिवस नीट मोजून आणि बाळाच्या शुश्रूषेची सोय पाहून औषध दिलें, तेव्हां मृत्यु कमी झाले.

सात दिवस उलटूनहि प्रसूति झाली नाहीं, आणि पुढील सात दिवसांत ती अकालीं होण्याचा धोका मोठा असला, तर आणखी एकदांच हा क्रम द्यावा, असें जागतिक आरोग्य संघटनेचें २०२२ सालचें मत आहे. तो धोका आहे कीं नाहीं, हें प्रसूतितज्ज्ञांनीं तपासून ठरवावयाचें; घरच्यांनीं दिनदर्शिका पाहून नव्हे.