सिनेमा कुठला?

परवा सोसायटीच्या गणपतीत रात्री भजन होतं. गाणारे सगळे हौशी, पण सूर बरा होता आणि तबला तर फारच छान. मध्यावर एका काकांनी माईक हातात घेतला, "आता तुकोबारायांचा एक सुंदर अभंग," असं सांगितलं आणि सुरू केलं 'इंद्रायणी काठी'.

मला खुदकन हसू आलं. बायकोने कोपर मारलं. पुढच्या रांगेतल्या आजींनीही मागे वळून पाहिलं. आता तिथे काय सांगणार, की बाई गं, मी काकांना नाही, मला स्वतःलाच हसतोय? हीच चूक एकेकाळी मी भरल्या डब्यात छातीठोकपणे केली होती आणि वर पैजही जिंकलो होतो.

तर झालं असं...

साल १९९२ किंवा ९३. मी डोंबिवलीला राहायचो, ऑफिस फोर्टात. सकाळची ८.१३ ची फास्ट, डोंबिवली ते व्हीटी. (सीएसटी हे नाव १९९६ साली आलं आणि सीएसएमटी २०१७ साली, पण आमच्या तोंडी व्हीटी ते व्हीटीच.) चौथी सीट मिळायलासुद्धा नशीब लागायचं त्या गाडीत. डब्याच्या एका टोकाला भजनी मंडळ. टाळ त्यांचे स्वतःचे, मृदंगाच्या जागी डब्याचा पत्रा. मधल्या भागात पत्ते कुटणारे. आणि दुसऱ्या टोकाला आम्ही सहाजण. आमचा खेळ प्रश्नांचा.

सिनेमा आणि गाणी, एवढेच विषय. क्रिकेट आणि राजकारण मुद्दाम वर्ज्य, कारण त्यावर भांडणं व्हायची. (गाण्यांवरूनही व्हायची, पण ती भांडणं गोड असतात असा आमचा समज होता.) दिवसाला एकच प्रश्न. ज्याची पाळी असेल त्याने डोंबिवलीहून गाडी हलली की प्रश्न टाकायचा. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगद्यात खडखडाटापुढे काही ऐकूच यायचं नाही, म्हणून बोगदा संपेपर्यंत फक्त विचार करायचा, उत्तर नाही. ठाण्यानंतर उत्तरं सुरू. घाटकोपरपर्यंत कुणाला आलं नाही तर विचारणाऱ्याने एक धागा द्यायचा आणि दादरच्या आत निकाल लावायचा, कारण दादरला मास्तर उतरायचे. मास्तर नसले की निकालाला अर्थ नसायचा.

मास्तर काही मास्तर नव्हते. कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क होते. पण असे शांतपणे प्रश्न विचारायचे की उत्तर येत नसेल तर समोरच्याला गृहपाठ न केल्यासारखं वाटायचं, म्हणून मास्तर. आमच्या सगळ्यांत वयाने मोठे. खिशात एक छोटी डायरी, तिच्यात बारीक अक्षरात प्रश्न. उत्तरं कधीच लिहिलेली नसायची. विचारलं तर म्हणायचे, "उत्तरं लिहिली की विसरायला होतात."

उत्तरावर कुणी हरकत घेतली तर दुसऱ्या दिवशी पुरावा आणावा लागे. पुरावा म्हणजे रेकॉर्डचं लेबल, थिएटरबाहेर मिळायची ती गाण्यांची चोपडी, नाहीतर कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांच्या 'हिंदी फिल्म गीत कोशा'तल्या पानाची झेरॉक्स. तो कोश म्हणजे आमचं सुप्रीम कोर्ट. दशकवार खंड, त्यात सिनेमा, गाणं, गाणारा, लिहिणारा, सगळं. एका माणसाने ध्यास घेऊन एवढं गोळा केलं हे आजही खरं वाटत नाही. पण मराठी सिनेमाला तसलं कोर्ट नव्हतं, आणि आमचा पुढचा घोटाळा तिथेच झाला.

प्रश्नांतही प्रत असते बरं का. 'अमुक सिनेमा कुठल्या साली आला?' हा भिकार प्रश्न. आलं तर आलं, नाही तर नाही, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. आमच्यातला एक पोस्टातला गृहस्थ असेच साला-सनावळ्यांचे प्रश्न टाकायचा आणि त्याच्या पाळीला आम्ही उघड जांभया द्यायचो. चांगला प्रश्न ऐकल्यावर आधी वाटलं पाहिजे की हे शक्यच नाही, आणि उत्तर कळल्यावर वाटलं पाहिजे, अरे हो की! मास्तरांनी एकदा विचारलं होतं, "एकाच सिनेमात राम आणि सीता दोन्ही एकाच नटाने केले. कुठला सिनेमा?" आम्ही ठाण्यापर्यंत डोकी खाजवली. डबल रोल, त्यात बाई, म्हणजे ट्रिक फोटोग्राफी, म्हणजे अलीकडचा असणार, अशी आमची गाडी भलत्याच रुळावर. उत्तर: दादासाहेब फाळक्यांचा 'लंकादहन', १९१७. नट अण्णा साळुंके. बायका सिनेमात यायला तयार नव्हत्या तो काळ. चार वर्षांपूर्वी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीही तेच झाले होते. एकदा उत्तर कळलं की किती सोपं!

किंवा हा: "लताबाईंच्या कुठल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून भलत्याच बाईचं नाव छापलं होतं, आणि ती बाई मुळात अस्तित्वातच नव्हती?" 'महल', १९४९. रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं कामिनी. कामिनी म्हणजे सिनेमातल्या मधुबालेच्या पात्राचं नाव! हा प्रश्न माझा होता आणि त्या दिवशी मास्तरांनासुद्धा उत्तर आलं नव्हतं. दादरला उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मी त्यावर आठवडाभर तरंगत होतो.

आता मूळ मुद्दा. एका सकाळी, पाळी मास्तरांची. गाडी सुटली, आणि तिकडच्या टोकाला भजनी मंडळाने 'इंद्रायणी काठी' सुरू केलं. मास्तरांनी डायरी उघडली, काय वाटलं कुणास ठाऊक, परत खिशात घातली. त्या आवाजाकडे बोट करून म्हणाले, "हे गाणं कुठल्या सिनेमातलं?"

बोगद्याचा नियम मी मोडला. "सिनेमातलं? अहो मास्तर, अभंग आहे हा! तुकोबांचा!"

"असं वाटतं खरं," ते म्हणाले.

बाकीचे चौघेही माझ्याच बाजूचे. भीमसेन जोशींच्या आवाजातले अभंग तेव्हा घरोघरी वाजायचे, त्याच आवाजात आम्ही हेही ऐकलेलं. अभंग नाही तर काय? मास्तरांनी एकच मुद्दा मांडला. "अभंग असेल तर शेवटी सही कुठाय? तुका म्हणे, नामा म्हणे, एका जनार्दनी... याच्यात शेवटी निवृत्ती-सोपान-मुक्ताबाई येतात, पण ती सही नव्हे, ती वर्णनातली माणसं."

मुद्दा बिनतोड होता, हे आज कळतं. तेव्हा मी तापलो. कारण हे गाणं माझ्यासाठी रेडिओवरचं नव्हतंच. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजोबा पहाटे म्हणायचे ते. गळ्यात माळ, कार्तिकीला आळंदी कधी चुकवली नाही. लहानपणी त्यांच्या मांडीवर ऐकलेलं गाणं हा माणूस सिनेमातलं म्हणतो? मी बरंच बोललो. "आमच्या घरात चार पिढ्यांची वारी आहे, आम्हाला नका शिकवू," असलं काहीतरी म्हणालो. खेळात असं बोलायचं नसतं. सगळे गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी मी पुरावा घेऊन गेलो. आजोबांची भजनाची वही. कापडी पुठ्ठ्याची, आडवी, वाण्याच्या खातेवहीसारखी. कॉपिंग पेन्सिलने लिहिलेली, अक्षरं जांभळी पडलेली. तुकोबांच्या दोन अभंगांच्या मध्ये 'इंद्रायणी काठी' पूर्ण लिहिलेलं. आजोबा जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. वही गाडीत न्यायला आई नको म्हणत होती, तरी नेली.

मास्तरांनी ती दोन्ही हातांनी घेतली. ते पान पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आधीची पानं, नंतरची पानं चाळली. "अक्षर काय सुरेख आहे हो," म्हणाले. "आजोबा काय करायचे?" शेती, मी म्हटलं. आम्ही बोगद्यात शिरलो. बाहेर आल्यावर त्यांनी वही मिटून, कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा प्रश्न रद्द. कटिंग माझ्याकडून."

मी जिंकलो! त्या दिवसापासून गाडीत माझं नाव 'आळंदीकर' पडलं. मला ते आवडायचंही.

पुढे पाच-सहा महिन्यांनी असेल, सकाळी दाढी करत होतो. आकाशवाणीवर हेच गाणं लागलं, संपलं, आणि निवेदिकेने नेहमीच्या थंड सुरात सांगितलं: गीत ग. दि. माडगूळकर, संगीत पु. ल. देशपांडे, गायक भीमसेन जोशी, चित्रपट 'गुळाचा गणपती'.

हातातला ब्रश तसाच राहिला. 'गुळाचा गणपती', १९५३. दिग्दर्शक पु. ल., नायकही तेच. सिनेमाचं नाव मला चांगलं माहीत होतं, 'सबकुछ पु. ल.' म्हणून त्याच्यावर एक प्रश्न मी स्वतःच टाकला होता! पण हे गाणं तिथलं असेल हे डोक्यातच शिरलं नव्हतं. गदिमांनी ते लिहिलंयच असं की संतवाङ्मयात विरघळून जावं. ज्ञानेश्वरांसाठी त्यात जे विशेषण येतं तेही तुकोबांच्या अभंगातलं आहे, म्हणजे फसायला जागा होती... पण हे सगळं समर्थन नंतर सुचलेलं.

आधी केलं काय, तर वही काढली. तेच पान. आजोबांची एक सवय होती: प्रत्येक अभंगाच्या बाजूला समासात, तो कुठे मिळाला ते लिहून ठेवायचे. बारीक अक्षरात. 'आळंदी, कार्तिकी'. 'पंढरपूर, चातुर्मास'. 'दिंडीत, फलटण मुक्काम'. माझं तिकडे कधी लक्षच गेलं नव्हतं, मजकूर वाचायचा की समास? 'इंद्रायणी काठी'च्या बाजूला लिहिलं होतं: 'सातारा, टाकीज'.

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "सिनेमा? आणि तुझे आजोबा? शक्यच नाही! आम्ही सिनेमाचं नाव काढलं तर जेवण बंद व्हायचं." आई मात्र आतून हसत म्हणाली, "बाजाराला म्हणून जायचे ना साताऱ्याला, यायला रात्र व्हायची." त्यापलीकडे ती काही बोलली नाही. मुलांना सिनेमाबंदी करणारा तो माणूस अंधारात एकटा बसून गाणं ऐकतो, पाठ करतो, घरी येऊन तुकोबांच्या पंगतीत लिहितो, आणि तरी समासात खरं तेच नोंदवतो. लबाडी म्हणावी तर तीही नाही. आजोबांच्या ओळखीत ही एवढी भर मला मास्तरांच्या प्रश्नामुळे पडली.

आणि मास्तरांनी तो समास वाचला होता. बारीक अक्षराचा माणूस तो, त्याच्या नजरेतून सुटणं शक्यच नाही. पुरावा मीच नेला होता, आणि तो माझ्याविरुद्धचा होता. बोट ठेवायचा अवकाश, पैज त्यांची होती.

लगेच जाऊन कबूल केलं असं लिहायला आवडलं असतं. दोन महिने मी काही बोललो नाही. रोज गाडी, रोज प्रश्न, रोज 'काय आळंदीकर!' आणि मास्तर माझ्याकडे बघून नेहमीसारखेच हसणार. दर वेळी पोटात काहीतरी हलायचं. शेवटी एकदा माझी पाळी आली तेव्हा गाडी सुटल्यावर म्हणालो, "'इंद्रायणी काठी', सिनेमा कुठला?"

चौघेही माझ्यावर तुटून पडले. "अहो, तुम्हीच वही आणली होती ना?" "आता पलटी का?" मास्तर खिडकीबाहेर बघत होते. ठाणं गेलं, घाटकोपर गेलं. मी धागा दिला: "सबकुछ." पोस्टवाला ओरडला, "पु. ल.! गुळाचा गणपती!" आणि वर सालही सांगितलं त्याने, १९५३. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या सनावळीबद्दल कृतज्ञता वाटली.

दादर आलं. मास्तर उठले, दाराकडे सरकता सरकता माझ्या कानाशी म्हणाले, "बघून आले होते ना आजोबा? तुम्हाला माहीत असेल असं वाटलं होतं मला. चौघांसमोर कसं विचारणार?"

उत्तर द्यायच्या आत गर्दीने त्यांना उतरवलं होतं.

पुढे ते निवृत्त झाले, कोकणात गेले. काही वर्षं पोस्टकार्डं यायची, एका कार्डावर एक प्रश्न, उत्तर पुढच्या कार्डात. 'कुंकू' सिनेमातल्या इंग्रजी कवितेचा कवी कोण, हा त्यांच्या कार्डावरचा एक. (लाँगफेलो. १९३७ सालच्या मराठी सिनेमात शांता आपट्यांच्या तोंडी इंग्रजी कविता! हा मला आला होता.) ती सगळी कार्डं आजोबांच्या वहीतच ठेवली आहेत.

असो. परवाचं भजन संपल्यावर प्रसाद वाटत होते तेव्हा काका जवळ आले. "कसा झाला अभंग?"

"फार छान," मी म्हटलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. मास्तर थांबले असते. पण इतक्या वर्षांची खोड, माझ्याच्याने राहवेना. "काका, एक प्रश्न विचारू? सिनेमा कुठला?"

"सिनेमा? अहो, अभंग आहे तो!"

"उद्या सांगा," म्हटलं. "संध्याकाळच्या आरतीपर्यंत वेळ आहे. फोनमध्ये बघायचं नाही."