खोलीएवढा आवाज

इलेक्ट्रिक गिटार कशालाही न जोडता वाजवली, तर शेजारच्या खोलीत पत्ताही लागत नाही. तारा थरथरतात, लाकूड छातीशी धरलं असेल तर तिथे जरासं जाणवतं, पण साध्या गिटारचं पोकळ पोट इथे नसतं, त्यामुळे त्या थरथरीला हवेत जायला वाट मिळत नाही. पिकअपमधलं चुंबक आणि त्याभोवती हजारो वेढे घेतलेली बारीक तांब्याची तार त्या हालचालीतून विजेची एक क्षीण लहर तयार करते, इतकंच. त्या लहरीचा सूर व्हायचा तो पुढे, अ‍ॅम्पमध्ये. म्हणून गिटार आणि अ‍ॅम्प ही दोन वाद्यं आहेत असं मला कधी वाटलंच नाही. वाद्य एकच आहे, मध्ये केबल आहे.

आणि तरी घरोघरी पैशांची वाटणी होते ती अशी, की वीस-बावीस हजार गिटारवर जातात आणि खिशात उरलेल्या तीन-चार हजारांत जो मिळेल तो अ‍ॅम्प येतो. गिटार दिसते, गळ्यात घालता येते, तिचा फोटो निघतो. अ‍ॅम्प कोपऱ्यात बसतो. पण ऐकणाऱ्याला ऐकू येतो तो अ‍ॅम्पच. नीट सेटअप केलेली साधी गिटार चांगल्या अ‍ॅम्पमधून तासभर ऐकवते; महागडी गिटार वाईट अ‍ॅम्पमधून पाच मिनिटांत नकोशी होते. पैसे थोडे असतील तर ते आधी इथे घालावेत, हे माझं ठाम मत.

यंदा माझ्या भाचीने अ‍ॅम्प घ्यायचं ठरवलं. शिकवण्या करून तिने पंधरा हजार साठवले होते आणि त्यातला एक रुपयाही कुणाकडून घ्यायचा नाही हे तिचं पक्कं होतं. तोवर ती गिटार टीव्हीच्या होम थिएटरला जोडून वाजवत होती आणि आवाज मेलेला का येतो म्हणून हिरमुसत होती. त्यात तिच्या हाताचा दोष नव्हता. गिटारच्या पिकअपला समोर साधारण दहा लाख ओहमचा अडथळा लागतो. होम थिएटरच्या लाइन-इनमध्ये तो फारच कमी असतो, आणि वरचे चमकदार सूर तिथेच विझतात. शिवाय गिटारचा स्पीकर हा गाणी ऐकण्याचा स्पीकर नव्हे. साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं तो फारसं बाहेर येऊच देत नाही. त्याच्या या उणेपणामुळेच डिस्टॉर्शन गोड लागतं. तेच डिस्टॉर्शन सगळं इमानदारीने ऐकवणाऱ्या स्पीकरमधून काढलं तर कानाला नुसती किरकिर उरते.

‘‘मामा, दुकानात सगळेच चांगले वाटतात. कळणार कसं?’’ तिने विचारलं. हा प्रश्न मला फार आवडला, कारण खरी अडचण तिथेच आहे.

दुकानात अ‍ॅम्प मोठ्या आवाजात वाजतो, घरी लहान. आवाज लहान झाला की माणसाच्या कानाला सगळे सूर सारखे कमी ऐकू येत नाहीत. खर्ज सगळ्यात आधी जातो आणि अगदी वरचे सूरही पातळ होतात. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली याचे आलेख काढून ठेवले आहेत. डोंबिवलीत तिच्या दोन खोल्यांच्या घरी, भिंतीपलीकडे शेजारचे आजोबा साडेनऊला झोपतात अशा ठिकाणी, दुकानात छाती भरून टाकणारा अ‍ॅम्प रोडका वाटतो तो यामुळे. त्यात दुकानात तो बहुधा जमिनीवर किंवा कोपऱ्यात ठेवलेला असतो, आणि जमीन व भिंती त्याला फुकटचा खर्ज देतात.

तसंच वॅटचं. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत वॅट छापलेले असतात आणि कमी पैशांत जास्त वॅट मिळाले की सौदा चांगला झाला असं वाटतं. दहा वॅटचा अ‍ॅम्प वीस वॅटचा केला तर वाढ होते तीन डेसिबलची. कान टवकारून ऐकलं तर कळेल इतकी. दुप्पट मोठा वाटायला साधारण शंभर वॅट लागतात. त्याउलट चांगल्या चुंबकाचा, थोडा मोठा स्पीकर तेवढ्याच वॅटमध्ये कितीतरी भरीव बोलतो, आणि पेटी थोडी खोल असेल तर आवाजाला बसायला जागा मिळते. स्वस्त अ‍ॅम्पमध्ये कारखानदार काटकसर करतो ती नेमकी इथे, पेटीच्या लाकडात आणि स्पीकरच्या चुंबकात, कारण ती बाहेरून दिसत नाही. म्हणून अ‍ॅम्प आधी उचलून पाहावा. वजन पुष्कळ काही सांगून जातं.

धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांतून आम्ही हिंडलो. भाचीने स्वतःची गिटार पाठीवर आणली होती, आणि ते फार बरं केलं. दुकानातल्या अनोळखी गिटारवर अ‍ॅम्पची पारख होत नाही. काउंटरवरच्या मुलाने आधी गेनचं बटण शेवटपर्यंत फिरवून सुरांची एक झड लावली. त्याचा हात सुरेख होता, सगळ्यांनी वळून पाहिलं. मग तिने जोडली. गेन शून्याजवळ आणला, व्हॉल्यूम इतका खाली की बाहेरच्या बसचा हॉर्न त्याच्या वर ऐकू यावा, आणि ई मायनरचा मोकळा कॉर्ड एकदाच छेडून हात बाजूला घेतला. ती ऐकत होती ते कॉर्डचं संपणं. एका अ‍ॅम्पमध्ये तो एकसारखा बारीक होत गेला. दुसऱ्यात खालची जाड तार आधी बुडाली आणि वरच्या दोन तारा पत्र्यासारख्या तेवढ्या उरल्या. तिसऱ्यात कॉर्ड संपता संपता मागची घरघर पुढे आली. मग गिटारवरचा व्हॉल्यूम निम्मा करून पुन्हा, आणि तर्जनीने हळू, अंगठ्याने जोरात. हाताचा जोर बदलला की आवाजाचा पोत बदलतो का, एवढंच तिला पाहायचं होतं. बटणांची संख्या, आत भरलेले इफेक्ट्स, ब्लूटूथ, याकडे तिने पाहिलंही नाही. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प तिच्या पैशांत बसणारे नव्हतेच. काचेच्या त्या नळ्यांचा आवाज मलाही प्रिय आहे. जोर वाढवला की तो हळूहळू, कडा न दाखवता फाटत जातो. पण ट्रान्झिस्टर म्हणजे गरिबाची तडजोड, ही समजूत खोटी आहे. १९७५ साली आलेला रोलंडचा जॅझ कोरस ट्रान्झिस्टरवरच चालतो आणि स्वच्छ आवाजासाठी आजही लोक त्याचंच नाव घेतात. बी. बी. किंग वर्षानुवर्षं लॅब सीरीजचा एल-फाइव्ह वाजवत, तोही ट्रान्झिस्टरचाच.

आता बाजारात मॉडेलिंग अ‍ॅम्पचं राज्य आहे. आत चिप असते, ती वीस-पंचवीस नामांकित अ‍ॅम्पची नक्कल करते, हेडफोनवर रात्री बारालाही वाजवता येतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हे वरदानच. तरीही शिकणाऱ्याच्या हाती तो देताना माझं मन कचरतं. आवाज आवडला नाही की तो बटण फिरवतो, पुढचा अ‍ॅम्प निवडतो, मग त्याच्या पुढचा. एकाच आवाजाशी महिनोन्‌महिने झटून, तो बोटांनी वळवायचा असतो हे त्यात राहून जातं. दुसरं, साध्या सर्किटचा अ‍ॅम्प बिघडला तर लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दोनशे रुपयांचा पार्ट घेऊन, डाग देऊन तो पुन्हा उभा राहतो. चिप गेली तर सगळा अ‍ॅम्पच गेल्यात जमा. ज्याला पुढचा अ‍ॅम्प केव्हा घेता येईल हे माहीत नाही, त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

पैसे कमी म्हणून आवाजही कमी प्रतीचा, हे गिटारच्या इतिहासाने पुन:पुन्हा खोडून काढलं आहे. उत्तर लंडनमधल्या मसवेल हिलच्या डेव्ह डेव्हिसकडे एल्पिको नावाचा एक लहानसा, हिरवा, स्वस्त अ‍ॅम्प होता. पोरगा सतरा वर्षांचा. त्या मचूळ आवाजाला कंटाळून त्याने ब्लेडने स्पीकरचा कोन चिरला, आणि तो फाटका आवाज १९६४ साली त्याच्या किंक्स या बँडच्या ‘यू रिअली गॉट मी’मधून साऱ्या इंग्लंडभर गेला. १९७० साली मायामीला ‘लैला’च्या ध्वनिमुद्रणात एरिक क्लॅप्टनने वाजवलेला फेंडर चॅम्प हातात धरून नेण्याएवढा. मला सगळ्यांत जवळची वाटते ती जॉन डीकनची गोष्ट. क्वीनचा हा बेसवादक तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी होता. लंडनच्या रस्त्यावर कचऱ्याच्या डब्यात त्याला एक सर्किट बोर्ड सापडला. १९७२ साली त्याने तो एका जुन्या बुकशेल्फ स्पीकरच्या पेटीत बसवला आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. त्यावर ना व्हॉल्यूमचं बटण, ना टोनचं. क्वीनचाच गिटारवादक ब्रायन मे याने वडिलांबरोबर घरी बनवलेली गिटार त्याला जोडली आणि १९७५च्या ‘गुड कंपनी’ या गाण्यात क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, सगळा जॅझ बँड त्यातून काढला. अ‍ॅम्पमध्ये जे नव्हतं ते त्याच्या हातात होतं, आणि जे होतं ते दुसऱ्या कुठल्याच अ‍ॅम्पमध्ये नव्हतं.

आपल्याकडे हे सांगायला इंग्लंडपर्यंत जायचीही गरज नाही. गणपतीत, शिमग्यात, लग्नाच्या वरातीत टेम्पोवर जी बेंजो पार्टी वाजते, तिचा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. त्याचं मूळ जपानात, १९१२च्या सुमारास नागोयात तयार झालेल्या ताइशोगोतोमध्ये. आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, अहुजाच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला आणि भोंग्यातून सोडला. भोंग्याला खर्ज पेलत नाही. तो मधले सूर घेतो आणि ढोलताशाच्या वरून, गर्दीच्या डोक्यावरून लांब फेकतो. त्या करकरीत, काठाला फाटलेल्या आवाजाला परळ-लालबागचे आणि कोकणातले कान पिढ्यान्‌पिढ्या आपलं मानत आले आहेत. तो ऐकला की पाय आपसूक हलतात. हातातल्या सामानातून आपल्याला हवा तो सूर कसा काढायचा, याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यांत मोठं विद्यापीठ आहे, आणि गिटारवाल्या पोरांनी मिरवणुकीत थांबून ते कान देऊन ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

शेवटी भाचीने जुना अ‍ॅम्प घेतला. परदेशी शिकायला निघालेल्या एका मुलाचा. वीस वॅट, आठ इंची स्पीकर, ट्रान्झिस्टरचा, हेडफोनची जागा असलेला. घेण्याआधी आम्ही मागचं झाकण काढून पाहिलं. कोनावर दोन्ही हातांची बोटं समोरासमोर टेकवून तो अगदी अलगद आत दाबायचा आणि कान जवळ न्यायचा. आतली कॉइल घासत असेल तर खस्स असा बारीक आवाज येतो. आला नाही. व्हॉल्यूमचा पॉट फिरवताना खरखरत होता, पण ते क्लीनरच्या दोन फवाऱ्यांचं काम. इनपुटचा जॅक मात्र ढिला होता. केबल हलली की आवाज जाई. त्यावरून आठशे रुपये कमी झाले आणि अ‍ॅम्प साडेआठ हजारांना आला. डाग तिने स्वतःच दिला. उरलेल्या पैशांतून एक भक्कम केबल घेतली आणि घरात अ‍ॅम्प लावायच्या प्लगचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, कारण मागची घरघर बरीचशी तिथूनच येत होती.

आता तो अ‍ॅम्प स्टुलावर, भिंतीपासून वीतभर पुढे, तोंड जरा वर करून ठेवलेला असतो. जमिनीवर ठेवला की आवाज घोट्यांना ऐकू जातो, कानांना नाही. दरवेळी वाजवायला बसताना ती आधी सगळी बटणं मध्यावर आणते आणि तिथून सुरुवात करते. साडेनऊपर्यंत उघड्यावर, मग हेडफोन. आजोबांनी एकदा दार वाजवलं, ते ‘संध्याकाळचं ते सावकाश काय वाजवतेस’ हे विचारायला.

तिच्या मनात आता वेगळंच शिजतंय. पुढच्या वर्षी यात बारा इंची स्पीकर घालायचा. या पेटीत तो मावणार नाही, म्हणून सुताराकडून नवी पेटी करून घ्यायची, मागून अर्धी उघडी, आणि सर्किट उचलून तिच्यात बसवायचं. रॅक्झीनचा रंगसुद्धा ठरला आहे. फेंडरच्या जुन्या पेट्या पाइनच्या भरीव लाकडाच्या असत, म्हणून मी पाइन घे म्हणतो. ती म्हणते, ‘‘मामा, आपल्याकडच्या पावसाळ्यात पाइन वाकेल, अठरा मिलिमीटरचा मरीन प्लाय बरा.’’ सुताराचं मत तिच्या बाजूने आहे. मी अजून हटलेलो नाही.