तोंडओळखीची माणसं

भोसरी, पुणे

चि. सोनूस,


तुझा मेसेज आला आणि त्याच संध्याकाळी ताईचाही फोन आला. मायलेकींनी ठरवून केलंत, हे उघड आहे. "ओळखीशिवाय नोकरी लागत नाही म्हणतात, तुझ्या कंपनीत कुठे चिकटवता येईल का?" या प्रश्नाला फोनवर हो किंवा नाही एवढंच उत्तर देता आलं असतं आणि दोन्हीपैकी एकाने तरी तू रुसली असतीस. म्हणून लिहून पाठवते. निवांत वाच.

आमच्याकडे तुझं नाव मी देणार नाही. नातेवाईक असल्याचं अर्जात लिहावं लागतं, मुलाखतीच्या वेळी मला टेबलावरून उठावं लागतं. ते सगळं करता येईल. पण 'मॅडमची भाची' हा शिक्का शॉप फ्लोअरवर लवकर पुसला जात नाही. मुलीच्या बाबतीत तर नाहीच. चांगलं काम केलंस तरी श्रेय मला मिळेल आणि चुकलीस तर तुझ्याबरोबर माझंही नाव निघेल. शिवाय नोकरीच्या शोधात मावशी फारशा कामाची नसते. का, ते सांगते.

अण्णांची, म्हणजे तुझ्या आजोबांची, गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. साताऱ्याकडच्या गावातून ते परळला आले, तेव्हा चुलत्याने त्यांना गावच्या खोलीत आणून ठेवलं. गिरणगावात अशा खोल्या पुष्कळ होत्या. एका गावची माणसं मिळून भाडं भरायची, पाळीप्रमाणे झोपायची, खानावळीत जेवायची. गिरणीत आत जायची वाटही तिथूनच. पूर्वी कामावर घेणं आणि काढणं जॉबरच्या हातात असे आणि त्यासाठी तो दस्तुरी खात असे. भरतीचा अधिकार त्याच्याकडून काढून घ्यावा, असं १९३१ च्या शाही कामगार आयोगाने सुचवलं होतं. अण्णांच्या वेळी जॉबरचा जोर ओसरला होता, पण शब्द टाकायला आतला माणूस लागायचाच. चुलत्याने शब्द टाकला, अण्णा बदली कामगार म्हणून लागले, पुढे कायम झाले आणि रिंग फ्रेमचे फिटर झाले. गावकीने त्यांना खोली दिली, नोकरी दिली, आजारपणात उसने पैसे दिले. कुणी तिला नावं ठेवू नयेत.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. आणि अण्णा ज्यांना ज्यांना ओळखत होते ते सगळे त्याच अडीच लाखांत! खोलीतले गिरणीत, चाळीतले गिरणीत, भजनी मंडळातले गिरणीत. माया सगळ्यांची होती, पण बातमी सगळ्यांकडे एकच: आज काही झालं नाही. दुसरीकडे कुठे काम आहे हे सांगू शकेल असा माणूस त्या घट्ट वर्तुळात नव्हताच. ज्या गावकीने त्यांना आत नेलं, तिच्याकडे बाहेर न्यायची वाट नव्हती.

वाट दाखवली ती एका विक्रेत्याने. मशीनचे सुटे भाग घेऊन तो महिन्या-दोन महिन्यांनी गिरणीच्या स्टोअरमध्ये यायचा. अण्णांशी त्याची ओळख चहापुरती. पण कुठला भाग का झिजतो हे अण्णा त्याला नीट समजावून सांगायचे, ते त्याच्या लक्षात राहिलं होतं. दादर स्टेशनवर गाठ पडली. भोसरीत एका वर्कशॉपला फिटर हवाय, पत्ता लिहून घ्या, म्हणाला. त्या पत्त्यामुळे आम्ही दोघी बहिणी भोसरीत वाढलो. मी इंजिनिअर झाले तेही त्यामुळेच.

याला नशीब म्हणायचं तर म्हण. पण यावर अभ्यास झालेला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, नुकती नोकरी बदललेल्या माणसांना गाठून विचारलं की ही नोकरी कुणाकडून कळली. ज्यांना ओळखीतून कळली होती त्यांतल्या १०० पैकी सुमारे १७ जणांचीच सांगणाऱ्याशी नेहमीची गाठभेट होती. सुमारे ५६ जणांची अधूनमधून आणि २८ जणांची वर्षातून एखाद्या वेळी, किंवा तीही नाही. १९७३ साली या अभ्यासावरचा त्याचा लेख छापून आला, आणि त्याआधी एका नामांकित नियतकालिकाने तो परत पाठवला होता. (नकार आला की हे आठवत जा.) ग्रॅनोव्हेटरचं म्हणणं सरळ आहे. जवळची माणसं आपल्याच जगात वावरतात, त्यामुळे त्यांना जे कळतं ते आपल्याला आधीच कळलेलं असतं. तोंडओळखीचा माणूस दुसऱ्या जगातून येतो. मावशी कामाची नाही म्हणाले ते एवढ्यासाठी.

नमुना लहान होता आणि सगळे पुरुष होते, असा आक्षेप तू घेशील, घ्यायलाच हवा. पण २०२२ साली 'सायन्स'मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून जास्त वापरकर्त्यांवरचे प्रयोग छापून आले. अगदी परकाही नको आणि अगदी सख्खाही नको, मधल्या अंतरावरची ओळख नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी, असं त्यात दिसलं. त्यातच एक बारीक गोष्ट तुझ्या कामाची आहे: जिथे काम फारसं डिजिटल नाही, तिथे जवळच्या ओळखीच जास्त उपयोगी पडल्या. म्हणजे कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणींचं बघून तू नुसती लिंक्डइनवर अनोळखी लोकांना विनंत्या पाठवत बसलीस तर मेकॅनिकलमध्ये फार हाती लागणार नाही. तुला अशी माणसं हवीत ज्यांनी तुझं काम डोळ्यांनी पाहिलंय.

"मी कुणाला ओळखतच नाही" असं तू लिहिलंयस. बघूया. बाहा स्पर्धेसाठी बनवलेल्या गाडीचा शाफ्ट तुम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीत ज्यांच्याकडे टर्न करून घेतलात, ते मालक तुला ओळखतात. टॉलरन्सवरून तू त्यांच्याशी वाद घातला होतास, म्हणजे चांगलंच ओळखत असणार! त्यांचा माल घेणाऱ्या कंपन्यांचे परचेसवाले त्यांच्या रोजच्या बोलण्यातले. कॉलेजच्या वर्कशॉपमधले इन्स्ट्रक्टर आणि लॅब असिस्टंट यांना कुठल्या बॅचचा कोण कुठे चिकटला हे प्लेसमेंट बघणाऱ्या टीपीओ सरांच्या रजिस्टरपेक्षा जास्त ठाऊक असतं, कारण मुलं गावी आली की त्यांनाच भेटायला येतात. बाहाच्या टीममधून तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेले सीनियर आहेत. पिथमपूरला स्पर्धेत तुमची गाडी तपासणारे परीक्षक स्वतः कंपन्यांमधले इंजिनिअर. तुमच्या ब्रेकच्या गणितावर त्यांनी प्रश्न विचारले होते, तेवढा धागा पुरतो. एवढी माणसं तर मला इथे बसून दिसली.

त्यांना नोकरी मागू नकोस. मागितलीस की समोरच्याला दोनच उत्तरं उरतात, आणि "नाही" म्हणायला नको म्हणून तो उत्तरच देत नाही. माहिती माग. माझ्या फोनवर दर आठवड्याला "रिस्पेक्टेड मॅम, काइंडली हेल्प फॉर जॉब" असले मेसेज येतात, खाली सीव्ही जोडलेला, आणि तोच मजकूर आणखी ५० जणांना गेलेला असणार हे वाचताक्षणी कळतं. त्यांचं मी काय करणार? याउलट हे बघ:

"नमस्कार सर. मी सोलापूरला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या बाहाच्या गाडीची ब्रेक सिस्टीम मी केली होती. तुम्ही व्हॅलिडेशनमध्ये आहात असं वर्कशॉपच्या सरांनी सांगितलं. फ्रेशरला या कामात पहिल्या वर्षी नेमकं काय करावं लागतं आणि त्यासाठी आत्ता काय शिकावं, हे विचारायचं होतं. पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? वेळ तुमच्या सोयीने."

एवढंच. आपण कोण, नाव कुणी सुचवलं, काय विचारायचंय, किती वेळ लागेल. मराठी माणसाला मराठीत लिहिलंस तर काही बिघडत नाही. चुकीच्या इंग्रजीपेक्षा ते केव्हाही बरं. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण कर, मग सोडून दे. राग धरू नकोस. शटडाउनच्या आठवड्यात मी सख्ख्या बहिणीचा फोन घेत नाही, विचार ताईला.

बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींत आभार. आणि महिनाभराने दुसरा मेसेज, जो जवळजवळ कुणीच पाठवत नाही: "तुम्ही सांगितलेलं जीडी अँड टी शिकले, ड्रॉइंग आता वाचता येतं." आपण सांगितलेलं कुणी खरंच केलं हे कळलं की माणूस त्या मुलीला विसरत नाही. रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवले तर मात्र लोक विसरतात, म्हणजे म्यूट करतात.

आता मुलींचं. तुझ्या वर्गातल्या मुलांना निम्म्या बातम्या रात्री टपरीवर कळतात. कुठे वॉक-इन आहे, कुठल्या सीनियरची कंपनी माणसं घेतेय, हे तिथे चहाबरोबर फिरतं आणि तुम्ही मुली साडेसातला होस्टेलच्या आत. हा अन्याय आहे. तो जाईपर्यंत थांबायला तुला वेळ नाही, म्हणून टीमच्या ग्रुपवर बातम्या टाकायचा आग्रह धर आणि स्वतःला कळलेली बातमी आधी टाक. आणि हेही ऐक: कुणी भेटायला बोलावलं तर कंपनीच्या रिसेप्शनवर, दिवसा. बोलणं कामावरून घसरलं तर फोन ठेव, नंबर ब्लॉक कर. तिथे नम्रपणाची मुळीच गरज नाही.

चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये प्रदर्शनं भरतात. एखाद्याला ये, राहायला माझ्याकडे. पहिल्या दिवशी येऊ नकोस, तेव्हा स्टॉलवरची माणसं गिऱ्हाइकांच्या मागे असतात. शेवटच्या दिवशी दुपारी ती कंटाळलेली असतात आणि कुणी मशीनबद्दल शहाणा प्रश्न विचारला तर खुशीने बोलतात. फुकटच्या पिशव्या गोळा करत फिरू नकोस. भेटलेल्या माणसाबद्दल एक ओळ वहीत लिहून ठेव, नाहीतर घरी गेल्यावर हातात नुसती कार्डं उरतात.

रेफरलचं थोडक्यात सांगते. पुष्कळ मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याने सुचवलेला उमेदवार टिकला तर त्याला बक्षीस देतात, म्हणून रेफर करा म्हणण्यात लाज नाही. पण तो माणूस स्वतःचं नाव पणाला लावतो. ज्याने तुझं काम पाहिलेलं नाही त्याला हे मागू नये. रेफरलने सीव्ही लवकर वाचला जातो, मुलाखत चुकत नाही. जो ओळखीच्या जोरावर पैसे घेऊन नोकरी लावतो म्हणतो, तो चोर. ताईलाही हे सांग, तिच्या भिशीत असे किस्से फिरतात. ॲप्रेंटिसशिपची जागा मिळाली तर पगार कमी म्हणून नाकारू नकोस. एका वर्षात चार विभागांतली माणसं तुझं काम बघतील, आणि तशी ओळख कुठल्याही ॲपवर मिळत नाही.

शेवटी थोडं कडू. आपल्या गावाचे, आपल्या जातीचे नोकरीचे ग्रुप आहेत, आणि बाबा तुला त्यात घालतील. जा, बातमी घे. पण तिथेच राहिलीस तर अण्णांच्या खोलीत राहिल्यासारखं होईल. आणि ज्यांचा असा ग्रुपच नाही, ज्यांच्या घरात पहिल्यांदा कुणी कॉलेजला गेलंय, अशी मुलं तुझ्या वर्गात आहेत. तुला एखाद्या सरांचा नंबर मिळाला की त्यांना विचारून तो त्या मुलांनाही दे. तुझा घास कमी होणार नाही.

माझ्या ओळखीच्या तीन इंजिनिअरना मी तुझ्याबद्दल सांगितलंय. माझी भाची म्हणून नव्हे, बाहाची ब्रेक सिस्टीम केलेली मुलगी म्हणून. त्यांचे नंबर तुला रविवारी पाठवीन. त्याआधी शाफ्टवाल्या मालकांना भेटून ये, आणि मेसेज लिहिलास की तपासायला मला पाठवू नकोस, थेट त्या इंजिनिअरनाच पाठव.

तुझी,
मावशी