जुईनं मान टाकली तेव्हा

मैत्रिणींनो, गर्दीची वेळ सोडून कधी कल्याणहून ठाण्याला स्लो लोकलनं निघालात आणि नशिबानं खिडकी मिळाली, तर रुळांच्या कडेच्या इमारतींकडे जरा निरखून बघा. गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल, त्यांच्याआडून डोकावणारी तुळस आणि ग्रिलला धरून वर चढलेली एखादी जुई, गोकर्ण नाहीतर मधुमालती. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, कल्याणपर्यंत पोचली. गाडीमागोमाग वस्ती वाढली. वाडे गेले, चाळी गेल्या, मजल्यांवर मजले चढले; पण बायकांनी वेली काही सोडल्या नाहीत. अंगण गेलं तर कुंडीत लावल्या, कुंडी नाही मिळाली तर तेलाच्या डब्यात.

माझ्या डोंबिवलीच्या गॅलरीतली जुई अशीच माहेरची. कल्याणला पारनाक्याजवळच्या आमच्या वाड्यात ती मोरीच्या कडेला होती. आई गेली, मग वाडाही पाडायला निघाला, तेव्हा मी तिची एक मुळं फुटलेली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणली. मूळची वेल वाड्याबरोबर गेली. आता त्या वेलीचं म्हणून जे काही उरलंय, ते माझ्याच कुंडीत.

आणि गेल्या ऑक्टोबरमध्ये तिनं मान टाकली. पानं मऊ पडली, शेंडे खाली लोंबायला लागले. मी काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. तांब्याभर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. सासूबाईंनाही तिची दया आली, त्याही सकाळी देवपूजा आटोपली की घालू लागल्या. जुई काही उठेना.

शनिवारी कल्याणला काकूंकडे गेले होते, तेव्हा हे बोलले. काकू आमच्या वाड्यातल्याच; आता जवळच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात आणि गच्चीवर डब्यांतून झाडं लावतात. माझं रडगाणं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "अगं, सकाळी उठल्यावर कशी असते ती?"

मला सांगता येईना. मी तिला दुपारी कामं आवरल्यावरच बघत होते.

काकू मला गच्चीवर घेऊन गेल्या. त्यांची सायलीही कोमेजलेली होती. "मी रोज पाणी घालते, बरं का," त्या म्हणाल्या आणि त्यांनी घालून दाखवलं. पाणी वरून पडलं आणि लगेच खालच्या भोकातून वाहून गेलं. त्यांनी खुरप्यानं माती उकरली, तर दोन बोटांखाली सगळं कोरडं ठणठणीत! ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याचा डबा तापतो, माती आक्रसते आणि डब्याच्या कडेपासून सुटते. मग पाणी त्या फटीतून खाली जातं. मध्ये मुळं तशीच तहानलेली. काकूंनी डबा उचलून पाणी भरलेल्या घमेल्यात ठेवला. मातीतून बुडबुडे यायचे थांबले तेव्हा बाहेर काढला आणि जिन्याच्या सावलीत निथळत ठेवला. चहा पिऊन तासाभरानं आम्ही पुन्हा वर गेलो, तर सायलीचे शेंडे चांगले वर आलेले. पुढच्या आठवड्यात तिला मोठ्या कुंडीत हलवायचं असं काकूंनी ठरवलं, कारण मुळांनी डबा गच्च भरला होता.

रविवारी मी उठल्याबरोबर गॅलरीत गेले. उजाडत होतं, हवा गार होती आणि जुईची मान तरीही खालीच. मातीत बोट घातलं, तर बोटाला चिखल लागला. तहान म्हणावी तर माती ओली, ऊन म्हणावं तर सूर्य अजून वर यायचाय!

त्या दिवशी ठाण्याला नणंदेकडे जायचं ठरलं होतं. कोपर, दिवा गेलं, मुंब्र्याला डोंगरावरची देवी आणि दुसऱ्या अंगाला खाडी दिसली. पण माझं लक्ष सगळं जुईत. वन्सं नौपाड्यात तळमजल्यावर राहतात. फाटकावर त्यांची मधुमालती आहे, जमिनीत लावलेली. आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि बघते तो मधुमालतीचीही पानं लोंबलेली! वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आता हिला नळी लावते." मी म्हटलं, "थांबा. सकाळी कशी होती?" "सकाळी छान टवटवीत होती की!"

मग आम्ही नळी लावली नाही. पानांना बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाण्याची वाफ होत असते. पावसाळ्यात वाढलेली कोवळी पानं ऑक्टोबरच्या भर दुपारी जितकं पाणी उडवतात, तितकं मुळांना तेवढ्या वेळात वर पोचवता येत नाही. म्हणून ती घटकाभर मान टाकतात. संध्याकाळी साडेपाचला मधुमालती आपली आपण सावरली. तिन्हीसांजेला पांढऱ्या कळ्या उमलायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्या गुलाबी आणि मग लाल होतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. एक गोष्ट मात्र मी वन्संना सांगून आले. सोसायटीनं अंगणात ब्लॉक बसवताना ते अगदी वेलीच्या बुंध्यापर्यंत आणले होते. ठाण्या-कल्याणकडे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण बुंध्याशी उघडी माती नसेल तर तो गटारात जातो. चार ब्लॉक काढून आळं करायला सोसायटीनं पुढे परवानगी दिली.

परतताना घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीतून मातीची कुंडी घेतली. तिथल्या मालीदादांना जुईची कथा सांगितली. ते म्हणाले, "ताई, पानं काय बघता? मुळं बघा."

रात्री वर्तमानपत्र पसरून जुई कुंडीतून काढली, तेव्हा आंबूस वास आला. निम्मी मुळं काळी आणि बुळबुळीत झालेली. चिमटीत धरली की साल हातात येत होती. कारण कुंडीच्या खालीच होतं. खालच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकतं म्हणून मी कुंडीखाली प्लॅस्टिकची ताटली ठेवली होती. तिच्यात पाणी साचून राहायचं, कुंडी त्यातच बसायची. त्यात सकाळी सासूबाई आणि संध्याकाळी मी! मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतल्या फटी पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात, कुजतात आणि कुजलेलं मूळ पाणी वर चढवू शकत नाही. म्हणून वेल चिखलात उभी राहून तहानेनं मान टाकते. वरून बघाल तर काकूंची सायली आणि माझी जुई अगदी सारख्याच दिसत होत्या. एक तहानेली होती आणि एक बुडत होती.

काळी मुळं धुतलेल्या कात्रीनं कापून टाकली. मुळं कमी झाली म्हणून वरच्या फांद्याही तिसरा हिस्सा छाटल्या. छाटताना जीव तुटला, पण उरलेल्या मुळांना तेवढा भार झेपला नसता. भोकावर खापराचा तुकडा ठेवला. दोन वाट्या माती, एक वाटी चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक वाटी जाड रेती, या मापानं माती कालवली. ताटलीत विटांचे तुकडे मांडून त्यांवर कुंडी ठेवली, म्हणजे बूड पाण्यात राहत नाही आणि खालच्या बाईंचे कपडेही कोरडे राहतात. आठवडाभर सावलीत ठेवली. नवी पालवी येईपर्यंत खत अजिबात नाही. आणि सासूबाईंशी ठरवलं, की पाणी एकीनंच घालायचं. ते काम त्यांनी आनंदानं घेतलं.

तुमच्या वेलीनं मान टाकली तर तुम्हीही याच क्रमानं बघा. सकाळी ताठ आणि दुपारी मलूल असेल तर संध्याकाळपर्यंत वाट पाहा. सकाळीही मलूल असेल तर मातीत दोन पेरं बोट घाला. कोरडी लागली तर हळूहळू, थांबून थांबून पाणी द्या. ओली लागली तर तांब्या खाली ठेवा आणि कुंडीचं भोक बघा. माती ठीक असूनही पानं चिकट झाली असतील, मागे कापसासारखे पांढरे पुंजके असतील, तर ते पिठ्या ढेकूण. साबणाच्या सौम्य पाण्यानं पुसून घ्या आणि निंबोळीचं तेल पाण्यात कालवून फवारा. चहाचा चोथा घालत असाल तर साखर-दूध धुऊन, वाळवून आणि चिमूटभरच. पावसाळ्याच्या तोंडी सगळ्या कुंड्यांची भोकं काडीनं मोकळी करायला विसरू नका.

जुईला तीन आठवड्यांनी पहिला कोंब आला. उन्हाळा संपता संपता तिच्या दोन लांब फांद्या मी शेजारच्या छोट्या कुंड्यांतल्या मातीत दाबून ठेवल्या. मुळं धरल्यावर त्या तोडल्या आणि एक कल्याणला काकूंकडे, एक ठाण्याला वन्संकडे पोचवली. माहेरची वेल एकाच कुंडीच्या भरवशावर ठेवायची नाही, एवढं मी त्या ऑक्टोबरात शिकले.

परवा काकूंचा फोन आला. पहिलं फूल आलंय म्हणाल्या. पारनाक्याला, वाड्यापासून हाकेच्या अंतरावर.